सूड आणि सुटका

सुडाची गोष्ट कोणास आवडत नाहीं? जेवणें आटोपल्यावर आजीनें माजघरांत मुलांना गोळा करून भीमाची कथा सांगावी, आणि कीचकाचा वध जवळ येतांच पेंगणारें पोरही डोळे चोळीत उठून बसावें, हा अनुभव ज्या घरास नाहीं असें घर महाराष्ट्रांत शोधूनच काढावें लागेल. अन्याय झाला, तो सहन करवेना, आणि शेवटीं अन्याय करणारास त्याचें फळ मिळालें, एवढ्या तीन पायऱ्यांवर जगांतील निम्म्या कथा उभ्या आहेत. पहिल्या दोन पायऱ्या घरांतल्याच असतात. तेथें चूल असते, लेकरें असतात, नवराबायकोचें रुसणें-हसणें असतें. तिसरी पायरी आली कीं घर मागें पडतें आणि रक्त पुढें येतें. कौटुंबिक कथा ज्या जागीं एकाएकी रक्तपाताच्या कथेंत शिरते, त्या सांध्याच्या जागेविषयीं लिहावें असें मला बरेच दिवस वाटत होतें. त्यास निमित्त आमच्या घरांतच मिळालें. तें ओघानें पुढें येईलच.

अमेरिकेंत 'वेस्टर्न' नांवाचा चित्रपटांचा एक प्रकार आहे. त्या देशाच्या पश्चिमेकडील ओसाड मुलखांत वसाहतवाले, गुराखी, दरोडेखोर आणि तेथील मूळचे रहिवासी यांच्यांत जे झगडे झाले, त्यांवर हे चित्रपट रचलेले असतात. घोडा, बंदूक आणि धूळ यांपलीकडे त्यांत कांहीं नसतें असा आपल्याकडे एक समज आहे. परंतु त्यांतील उत्तम चित्रपटांस तो लागू पडत नाहीं. जॉन फोर्ड ह्या दिग्दर्शकाचा 'द सर्चर्स' हा १९५६ सालचा चित्रपट घ्या. युद्ध संपल्यावर कित्येक वर्षांनीं ईथन नांवाचा एक मनुष्य टेक्सासमधील आपल्या भावाच्या घरीं येतो. भावजय दारांत उभी राहते, मुलें भोंवतीं जमतात, सर्व मंडळी एका मेजाभोंवतीं जेवावयास बसतात. आपण एका कुटुंबाची कथा पाहत आहों असें वाटूं लागतें, तोंच कोमांची टोळीचा हल्ला होतो, घर जळतें, माणसें मारलीं जातात, आणि लहानगी पुतणी डेबी हिला टोळीवाले घेऊन जातात. तेथून पुढें सारा चित्रपट म्हणजे ईथनचा वर्षानुवर्षें चाललेला शोध आहे.

ह्या शोधांत एक भयंकर फरक हळूहळू पडत जातो. निघतांना ईथन मुलीस सोडवून आणण्यासाठीं निघालेला असतो. वर्षें लोटतात, मुलगी टोळींतच वाढते, आणि ती आतां 'त्यांची' झाली असें मनानें घेतल्यावर हाच चुलता तिला ठार मारावयास उद्युक्त होतो. जिच्यासाठीं घोड्यावर मांड टाकली तीच आतां शत्रूच्या यादींत जाऊन बसते! सुटकेसाठीं निघालेला मनुष्य सुडाच्या वाटेवर केव्हां वळला, हें त्याचें त्यालाही कळत नाहीं. फोर्डनें अखेरीस त्यास सांवरलें आहे. ईथन डेबीला गांठतो, दोन्ही हातांनीं वर उचलतो, आणि मारण्याऐवजीं 'चल, घरीं जाऊं' एवढेंच म्हणतो. जॉन वेनसारखा रांगडा नट तें वाक्य ज्या थकलेल्या आवाजांत उच्चारतो, तो आवाज पुष्कळ दिवस कानांतून जात नाहीं.

आपल्याकडे अशी कथा परक्या मुलखांतून आणावी लागली नाहीं. विराटाच्या घरीं दासी होऊन राहिलेली सैरंध्री, तिच्यावर डोळा ठेवणारा राजाचा मेव्हणा कीचक, आणि मुदपाकखान्यांत बल्लव बनलेला भीम, ही कथा म्हणजे घरगुती नाट्य आणि सूडनाट्य यांचा मूळ नमुनाच होय. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांनीं १९०७ सालीं 'कीचकवध' रंगभूमीवर आणलें, तेव्हां प्रेक्षकांनीं कीचकाच्या जागीं लॉर्ड कर्झन यांस पाहिलें, सैरंध्रीच्या जागीं आपल्या देशास पाहिलें, आणि सरकारनें १९१० सालीं त्या नाटकावर बंदी घातली. पुढें १९२० सालीं कोल्हापूरच्या बाबूराव पेंटर यांनीं हीच कथा 'सैरंध्री' ह्या मूकपटांत चित्रित केली. त्यांतील कीचकाच्या वधाचा देखावा इतका हुबेहूब वठला कीं तो कापून टाकावा लागला. म्हणजे मराठी चित्रपट पाळण्यांत असतांनाच पडद्यावर रक्त किती दाखवावें हा प्रश्न त्याच्यापुढें येऊन उभा राहिला होता.

पन्नासांहून अधिक वर्षें उलटल्यावर एका मराठी लेखकानें ह्याच प्रश्नास निराळ्या बाजूनें हात घातला. विजय तेंडुलकर यांनीं लिहिलेला आणि श्याम बेनेगल यांनीं दिग्दर्शित केलेला 'निशांत' हा हिंदी चित्रपट १९७५ सालीं पुरा झाला. त्यास हिंदींतील उत्कृष्ट चित्रपटाचें राष्ट्रीय पारितोषिक मिळालें, आणि १९७६ सालीं फ्रान्समधील कान महोत्सवाच्या स्पर्धेंतही तो दाखविला गेला. कथेचा काळ १९४५ च्या सुमाराचा, आणि स्थळ तेलंगणांतील एक जमीनदारी गांव. तेव्हांच्या निजामी राज्यांत तेलंगण होतें आणि आमचा मराठवाडाही होता; त्यामुळें त्यांतील गढी, पाटलाच्या पुढें वांकणाऱ्या माना आणि फिर्याद ऐकून न ऐकल्यासारखें करणारे अंमलदार आमच्या वडील माणसांस अनोळखी वाटत नाहींत.

गांवांत नवा शाळामास्तर बायकोमुलासह येतो. जमीनदाराचे भाऊ त्याच्या बायकोस, सुशीलेस, भर गांवांतून उचलून नेतात. मास्तर पोलिसांकडे जातो, कलेक्टराकडे जातो, वकिलाकडे जातो. कोठेंही दाद लागत नाहीं. पुढें देवळांत पतिपत्नींची गांठ पडते, तेव्हां सुशीला त्याच्या नामर्दपणावर असे कांहीं कोरडे ओढते कीं ऐकणारानें मान खालीं घालावी. येथपर्यंतचा चित्रपट संथ, घरगुती आणि मनास कुरतडणारा आहे. मग मास्तर व देवळाचा पुजारी मिळून गांव जागें करतात, आणि उत्सवाच्या दिवशीं जमाव जमीनदारांवर तुटून पडतो. पाहणाराच्या मुठी आवळल्या जातात. इतका वेळ कोंडलेला श्वास मोकळा होतो. परंतु तेंडुलकर तेवढ्यावर थांबत नाहींत. जमाव थांबतच नाहीं. धाकट्या जमीनदाराची निरपराध बायको रुक्मिणी मारली जाते. त्याच्याबरोबर पळून गेलेली सुशीला, जिच्यासाठीं हें सारें झालें ती सुशीला, तीही जमावाच्या हातून मरते. शबाना आझमी, स्मिता पाटील, गिरीश कार्नाड, अमरीश पुरी, नसीरुद्दीन शाह अशीं एकाहून एक समर्थ माणसें त्यांत आहेत. पण शेवटीं मनांत उरतो तो जमावाचा गोंगाट.

हा चित्रपट गेल्या हिवाळ्यांत आमच्या घरीं सर्वांनीं मिळून पाहिला. आमचें घर राजूरचें, म्हणजे जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यांतलें. तीन पिढ्या एका छपराखालीं नांदतात. थोरल्या बंधूंचा मुलगा शहरांत शिकून घरची शेती पाहण्यासाठीं परत आलेला आहे. त्याच्या आदल्याच पावसाळ्यांत बांधावरून शेजारच्या शेतकऱ्याशीं तंटा झाला होता आणि त्यांत ह्या पोराच्या खांद्यावर काठी बसली होती. दावा न्यायालयांत होता, तारखा पडत होत्या, आणि मुलाच्या मनांतली धग कमी होण्याऐवजीं वाढत होती. त्याचे मित्रही 'एकदां धडा शिकवायलाच हवा' अशा मताचे. घरांतील बायकांना रात्रीं तो उशिरां परतला तर झोंप येत नसे. अशा मनःस्थितींत त्यानें तो चित्रपट पाहिला, आणि संपतांच ताडकन् म्हणाला, "पाहिलेंत ना काका? अर्जविनंत्यांनीं कांहीं झालें नाहीं. गांव उठलें तेव्हांच न्याय झाला."

मी उत्तर शोधीत होतों. इतक्यांत कोपऱ्यांतल्या पलंगावर बसलेल्या आमच्या आत्याबाई, ज्यांचें वय आतां नव्वदीस टेकलें आहे, त्यांनीं विचारलें, "तें खरें रे बाळा. पण ती मास्तरीण? तिला घरीं आणायलाच निघालीं होतीं ना हीं सगळीं माणसें? तिचें काय झालें?"

"ती मेली, आत्याआजी."

"कोणीं मारली?"

पुतण्या कांहीं बोलला नाहीं. आत्याबाई मग थोड्या वेळानें आपण होऊनच बोलूं लागल्या.

१९४८ सालीं त्या अकरा वर्षांच्या होत्या. आमचें मूळ घर तेव्हां भोकरदनच्या बाजूच्या एका खेड्यांत होतें. रझाकारांच्या धाकानें सीमेजवळचीं अनेक कुटुंबें वऱ्हाडांत निघून गेलीं, तसें आमचेंही गेलें. रात्रीं बैलगाडीच्या चाकांना चिंध्या बांधून, आवाज होऊं न देतां. त्याच वर्षीं १३ सप्टेंबरला हिंदी सैन्य हैदराबाद संस्थानांत शिरलें आणि १७ तारखेस निजामानें शरणागति पत्करली. दिवाळीच्या सुमारास आमचीं माणसें परत आलीं तों घराचें मोठें दार कोणीं काढून नेलेलें, भांडींकुंडीं नाहींशीं झालेलीं. लहानग्या आत्याबाई मात्र धांवत गेल्या त्या गल्लीच्या टोंकास. तेथें एक मणेरीण राहत असे. सणासुदीला ती आमच्या ओसरीवर बसून घरांतल्या साऱ्या बायकांना बांगड्या भरी, आणि आत्याबाईंचा हात लहान म्हणून त्यांच्यासाठीं नेमक्या मापाचा जोड राखून ठेवी. तिच्या घराचें दार उघडेंच होतें. आंत कोणी नव्हतें. अंगणभर फुटक्या बांगड्यांच्या कांचा पडल्या होत्या. त्यांनीं घरीं येऊन आजोबांना विचारलें, तेव्हां आजोबा एवढेंच म्हणाले कीं, "गेले ते." कोठें गेले, कसे गेले, हें त्यांनीं मरेपर्यंत सांगितलें नाहीं.

"आमचें दार कोणीं नेलें तें मला अजून कळलें नाहीं," आत्याबाई म्हणाल्या. "पण मणेरीणमावशीनें नेलें नव्हतें, एवढें मला ठाऊक आहे."

त्या रात्रीं आमच्या घरांत ह्यापुढें कोणी कांहीं बोललें नाहीं. ह्या वाक्यावर बोलण्यासारखें तरी काय होतें? सुडाचा सारा हिशेब त्यांत आला. दार एकानें नेलें, आणि घर दुसऱ्याचें ओस पडलें.

१९४८ सालानें महाराष्ट्रास हा धडा दोनदां दिला आहे. ३० जानेवारीस गांधीजींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण होता, एवढ्या कारणावरून दक्षिण महाराष्ट्रांत ब्राह्मणांचीं घरें व दुकानें जाळण्यांत आलीं. ह्या मासिकाच्या वाचकांपैकीं कित्येकांच्या घरीं त्या दिवसांच्या आठवणी अजून हलक्या आवाजांत सांगितल्या जातात. नेसत्या वस्त्रानिशीं कोण निघाले, कोणाचे ग्रंथ व पोथ्या जळाल्या, कोणा शेजाऱ्यानें आपल्या धान्याच्या कोठारांत लपविलें, हें सर्व आपणांस पाठ आहे. 'आम्हीं काय केलें होतें?' हा प्रश्न त्या आठवणींच्या तळाशीं असतो, आणि तो अगदीं योग्य प्रश्न आहे.

परंतु त्याच वर्षाच्या उत्तरार्धांत, रझाकारांचे अत्याचार संपल्यानंतर, संस्थानांत जे प्रतिशोधाचे प्रकार झाले त्यांतही हाच प्रश्न विचारणारीं माणसें होतीं. त्यांच्या चौकशीसाठीं भारत सरकारनें पंडित सुंदरलाल यांच्या नेतृत्वाखालीं एक मंडळ पाठविलें. त्या मंडळानें मृतांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजार असा दिला, आणि उस्मानाबाद, नांदेड, बीदर व गुलबर्गा ह्या जिल्ह्यांस सर्वांत अधिक झळ लागल्याचें नमूद केलें. कित्येक दशकें तो अहवाल लोकांपुढें आला नाहीं. रझाकारांनीं छळ केला हें निःसंशय. त्यांच्या छळास खंबीरपणें तोंड देणारांविषयीं आमच्या मनांत कृतज्ञता आहे आणि १७ सप्टेंबरचा दिवस आम्ही अभिमानानें पाळतों. पण ज्या मणेरणीनें कोणाच्या दारास हातही लावला नव्हता, तिचा प्रश्न आपल्या प्रश्नाहून वेगळा कसा मानावा? आपल्या घरीं ठेवलेला तराजू शेजाऱ्याच्या घरीं गेल्यावर बदलत नाहीं.

जळलेल्या वास्तूंमध्यें कोल्हापूरचा जयप्रभा स्टुडिओही होता. तो भालजी पेंढारकर यांचा. आयुष्यभराची मिळकत एका जमावानें राख केली. ह्या मनुष्यानें उरलेलें आयुष्य कशांत घालविलें तें सर्वांस ठाऊक आहे. त्यांनीं स्टुडिओ पुन्हां उभारला, त्याच कोल्हापुरांत राहिले, तेथल्याच माणसांना हाताशीं धरून चित्रपट काढीत राहिले. १९६५ सालीं त्यांनीं एका साध्या लोहार जोडप्यावर चित्रपट काढला व त्यास 'साधी माणसं' असें नांव दिलें. जाळणाऱ्या गर्दींत आणि पुढें तो चित्रपट डोळे पुसत पाहणाऱ्या गर्दींत कांहीं चेहरे एकच असतील, असा विचार मनांत आल्यावांचून राहत नाहीं.

ह्यावर कोणी म्हणेल कीं ही दुर्बळांची समजूत झाली. मास्तरास दाद मिळाली नाहीं, मग त्यानें करावें तरी काय? हा आक्षेप खरा आहे आणि तो टाळण्यांत अर्थ नाहीं. जेथें फिर्याद ऐकणारा कान नसतो तेथें काठी बोलूं लागते; 'निशांत'मधील खरा आरोप मास्तरावर नसून त्या पोलिसांवर, त्या कलेक्टरावर आहे. महाभारतानेंही भीमास दोष दिलेला नाहीं. तथापि व्यासांनीं ती कथा कीचकाच्या वधापाशीं संपविलेली नाहीं, हें आपण विसरतों. कीचक मेल्यावर त्याचे भाईबंद, ते उपकीचक, 'हिच्यापायीं तो मेला' म्हणून सैरंध्रीस बांधतात आणि त्याच्या प्रेताबरोबर जाळण्यासाठीं स्मशानाकडे नेतात. तिचा आक्रोश ऐकून भीम धांवतो, झाड उपटून त्यांच्यावर पडतो, आणि तिचीं बंधनें सोडवितो. सूड उगविला म्हणून काम संपलें, असें त्यानें मानलें नाहीं. जिच्यासाठीं तो उगविला ती सुखरूप आहे कीं नाहीं, हें पाहणें हेंच मुख्य काम होतें. मास्तराला हें साधलें नाहीं. ईथनला अगदीं शेवटच्या क्षणीं साधलें. आणि 'निशांत'च्याच वर्षीं आलेल्या 'शोले'मध्यें, डाकू पकडला गेला तरी विधवा राधेच्या खोलीची खिडकी पुन्हां मिटते, ती कोणाच्याच हिशेबांत नसते. त्या चित्रपटांत ठाकूर डाकूला स्वतःच ठार मारतो असा मूळ शेवट होता. परिनिरीक्षण मंडळाच्या आग्रहास्तव तो बदलून पोलीस आणावे लागले. दोन्ही शेवटांत राधेची खिडकी मात्र एकसारखीच बंद राहते.

द्रौपदीच्याच तोंडून भागवतानें आणखी एक गोष्ट वदविली आहे. झोंपलेल्या पांच मुलांचे गळे कापणाऱ्या अश्वत्थाम्यास अर्जुन बांधून तिच्यापुढें आणतो, तेव्हां ती म्हणते कीं ह्याला सोडा. मी मुलांसाठीं रडतें आहें, तशी ह्याची आई रडूं नये. सूड मागण्याचा तिच्याइतका अधिकार कोणास होता? पण तिला त्या क्षणीं दिसली ती गुरुपत्नी कृपी, अन्याय करणाराच्या घरीं वाट पाहत बसलेली म्हातारी.

सुडाचें खरें रूप तरुणांस कळावें असें ज्यांस वाटतें त्यांनीं त्यांना उपदेश करण्यापेक्षां क्लिंट ईस्टवुडचा १९९२ सालचा 'अनफरगिव्हन' दाखवावा. त्यांत आपण पांच माणसें लोळविलीं अशी शेखी मिरविणारा एक पोरगा आहे. प्रत्यक्षांत जेव्हां तो पहिल्यानेंच एका मनुष्यास मारतो, तेव्हां बाटली तोंडास लावून तो हुंदके देऊं लागतो, आणि हातांतली बंदूक देऊन टाकतो. माझ्या पुतण्यानें तोही चित्रपट मागाहून पाहिला. त्यावर तो मजजवळ कांहीं बोलला नाहीं, मीही विचारलें नाहीं.

आमच्या राजूरच्या टेकडीवर राजुरेश्वर गणपतीचें देऊळ आहे. अंगारकीच्या दिवशीं तेथें माणसांचा समुद्र लोटतो. हें वरेण्य राजाचें स्थान, अशी परंपरेची श्रद्धा आहे. गणेशपुराणांत असें आहे कीं राणी पुष्पिकेच्या कुशींतलें बाळ गजमुख पाहून वरेण्य भ्यायला आणि त्यानें तें अरण्यांत टाकून दिलें. पराशर ऋषींनीं त्याचें पालन केलें. मोठेपणीं त्याच बालकानें सिंदूरासुराचा वध करून लोकांस सोडविलें. आणि मग, ज्या पित्यानें जन्मतःच टाकून दिलें होतें, त्याच्यापुढें येऊन त्यास गणेशगीता सांगितली. जो अजून पीडा देत होता त्यास मारलें, आणि ज्यानें स्वतःवर अन्याय केला होता त्यास ज्ञान दिलें. लोकांची सुटका कोठें संपते आणि आपला सूड कोठें सुरू होतो, ह्यांतील रेघ इतकी स्पष्ट ओढलेली मीं दुसरीकडे क्वचितच पाहिली आहे.

बांधाचा दावा अजून चालू आहे. पुतण्यानें सरकारी मोजणीसाठीं अर्ज केला आहे, आणि तारखेच्या दिवशीं घरांतील कोणी ना कोणी त्याच्यासोबत जातें. सायंकाळीं तो दिवेलागणीच्या आंत घरीं येतो. आत्याबाई पलंगावरूनच त्याचा पाय उंबऱ्यांत वाजला कीं नाहीं तें ऐकतात, आणि मग जपाची माळ हातीं घेतात.